शेजारची थाळी

उंचावर अंडं फोडायला हातोडी लागते. हसू नका, खरं सांगतोय. कांदा दगडासारखा, बटाटा त्याहून टणक, आणि टोमॅटो भिंतीवर फेकला तर भिंतीचा पोपडा निघेल. पाणी नावाची वस्तूच नसते. पातेल्यात बर्फ भरायचा, स्टोव्हवर ठेवायचा, खाली बसला की आणखी भरायचा. एवढं करून हाती लागतं तांब्याभर. भात कधी शिजेल ते देवालाही सांगता यायचं नाही. अशा ठिकाणी माणसांना गरम खाऊ घालणं ही माझी नोकरी होती. मी फौजेत लांगरी होतो. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर आणि तिथं रांधणारा तो लांगरी.

हे पहिल्या दमातच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात ते कुणाला ऐकायचं नसतं. मी राहतो परभणी जिल्ह्यात, पोखर्णीच्या रस्त्याला एका खेड्यात. इथं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’. सुभेदार असो, ड्रायव्हर असो, नाहीतर फौजेतला न्हावी असो, सगळे मेजर. पंधरा ऑगस्टला शाळेत खुर्ची मिळते, शाल-नारळ मिळतो. एका वर्षी गुरुजी माईकवर म्हणाले, “शत्रूला पाणी पाजणारे आपले मेजर!” मी जिंदगीभर पाणी पाजलं ते आपल्याच पोरांना, तेही बर्फ वितळवून. पण टाळ्या पडल्या, मी हात जोडले आणि खाली बसलो. मग तेच लोक पानटपरीवर गाठून विचारतात, “मेजर, खरं सांगा, किती उडवले?” एकही नाही म्हणलं की त्यांचं तोंड उतरतं. लांगरी होतो म्हणलं की, “आँ? मंग तुमी चपात्याच लाटल्या की ओ!”

लाटल्या. लय लाटल्या. त्या चपात्यांवर माझी पोरं शिकली, घरावर स्लॅब पडला. आणि त्याच चपात्यांपायी आई गेली तेव्हा मी बर्फात वरणाला फोडणी देत होतो, खबर आली तेव्हा तिकडं राख सावडून झाली होती. आता कुणी फौजेला शिव्या दिल्या तर मला खपत नाही, आणि कुणी नुसती आरती ओवाळायला लागला तरी डोकं फिरतं. बायको म्हणते, “तुमचं नेमकं म्हणणं तरी काय हाय?” तिला अजून नीट सांगता आलेलं नाही. म्हणून बालाजीची गोष्ट सांगतो. त्यातून काही कळलं तर कळलं.

बालाजी मानवतच्या अलीकडच्या गावचा. आमच्या पलटणीत सगळ्या मुलखाचे लोक, मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पोस्टवर आला तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं. लंगरात डोकावलं आणि म्हणालं, “उस्ताद, ठेचा भेटंल का?” मला इतका आनंद झाला की मी वाळल्या मिरच्या पाण्यात भिजवून, वाटून त्याला ठेचा करून दिला. लंगरवाल्याला जवान उस्ताद म्हणतात. गावातल्या मेजरपेक्षा मला ते उस्ताद जास्त आवडतं.

फौजेत जोडी असते. दोघं एकमेकांना बांधलेले, एक झोपला तर दुसरा जागा. आमच्या पोस्टवर जेवणाची रीत अशी होती की जोडीतला एक पहाऱ्यावर थांबायचा आणि दुसरा दोघांच्या थाळ्या घेऊन लंगरात यायचा, भरून न्यायचा. बालाजीचा जोडीदार होता रतन, राजस्थानचा. उंच, हसरा, तिखट म्हणलं की पळणारा. त्यानं आपल्या थाळीवर खिळ्यानं ‘रतन’ असं कोरून ठेवलं होतं, कारण बालाजी आपली ठेच्याची थाळी गुपचूप त्याच्या थाळीशी बदलायचा आणि वर दात काढायचा. रोज भांडणं, रोज एकत्र जेवण.

एका दुपारी बालाजी दोन थाळ्या घेऊन आला. भात व्हायचा होता. मी म्हणलं, थांब, कच्चा नेऊ नको. तो स्टोव्हपाशी हात शेकत बसला, गावाकडच्या हुरड्याच्या गप्पा मारल्या. भात झाला, दोन्ही थाळ्या भरल्या, तो बाहेर पडला आणि वरून बर्फाचा कडा सुटला. रतन उभा होता ती पहाऱ्याची चौकी, पत्रे, वाळूची पोती, सगळं एका झपाट्यात खाली. बालाजी भरलेल्या थाळ्या घेऊन तसाच उभा. थाळ्या न्यायच्या तरी कुठं, ती जागाच उरली नव्हती.

मग त्यानं भात फेकला आणि आपल्या थाळीनं बर्फ उकरायला लागला. आम्ही फावडी घेऊन पोचलो तरी थाळी सोडेना. थाळीचा काठ वाकला, बोटं फुटली. रतन सापडला, पण सापडून उपयोग नव्हता.

भात उशिरा शिजला म्हणून बालाजी वाचला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी बालाजी लंगरात आला, दोन थाळ्या घेऊन. एकीचा काठ वाकलेला, दुसरीवर ‘रतन’. दोन्ही पुढं केल्या.

मी दोन्ही भरल्या.

पुढं कितीतरी दिवस भरत राहिलो. तो दुसरी थाळी शेजारी ठेवायचा, आपली खायचा, मग शेजारची उचलून बाहेर पक्ष्यांना घालायचा. लांगऱ्याला माणूस थाळीवरनं कळतो. कोण घरच्या पत्रानंतर अर्धं टाकून उठतो, कोण रागाच्या भरात दुप्पट खातो, सगळं आमच्या डोळ्यांखालून जातं. मला कळत होतं की याचं बिघडलंय. पण पहारा बरोबर द्यायचा, हुकूम ऐकायचा, मग बोलायचं काय? शेवटी सुभेदारसाहेबांनी पाहिलं आणि मला धरलं, “तू भरता क्यों था?” मी म्हणलं, “साब, रिकामी थाळी परत पाठवायची मला सवय नाही.” आजही कुणी विचारलं तर माझं उत्तर तेच राहील.

दवाखाना झाला, डॉक्टरांचा तपासणीचा बोर्ड झाला. डॉक्टर चांगले होते, गोळ्या दिल्या, पण फौजेत ठेवता येत नाही म्हणाले. अशा माणसाला एकट्याला घरी सोडत नाहीत, सोबत कुणीतरी जातं आणि घरच्यांच्या हाती सोपवून येतं. जिल्हा एक, भाषा एक, म्हणून मला पाठवलं. रेल्वेत तो शहाण्यासारखा बसला. फक्त जेवणाची वेळ झाली की पिशवीतून दोन थाळ्या काढायचा.

मानवत रोड स्टेशनला उतरलो तर फलाटावर माणसं. बँडवाले, हार, दोन पोरं मोठा झेंडा घेऊन. घरी कळवलं होतं एवढंच की मुलगा आजारी आहे, घेऊन येतोय. पण गावात पोचेपर्यंत त्याचं ‘जखमी होऊन आलाय’ झालं होतं. बालाजी डब्यातून उतरला. हात शाबूत, पाय शाबूत, अंगावर कुठं पट्टी नाही. बँडवाल्यानं एक सूर काढला आणि आमच्याकडं बघून थांबला. हार ज्याच्या हातात होता तो तसाच धरून राहिला.

त्याचा बाप पुढं आला. गंगाधरमामा, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, वाळलेलं अंग. पोराला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडं झुकून हळू आवाजात विचारलं, “सायेब, लागलंय कुठं?”

“मामा, आतून लागलंय.”

“आतून मंजे?”

मी सांगितलं. जेवढं मला सांगता आलं तेवढं. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, “ते समदं खरं असंल. पर मी गावाला काय दावू? येखादा पाय तरी गेला असता, तर दावता आलं असतं.”

माझं डोकं सणकलं. म्हणलं, बाप आहे का कोण हा! पण तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. त्या हातानं बालाजीच्या शर्टाची बाही गच्च धरून ठेवली होती, आणि स्टेशनाबाहेर रिक्षात बसेपर्यंत सोडली नाही. झेंडा गुंडाळून पोरं मोटरसायकलवर निघून गेली.

काही वर्षांनी मी रिटायर झालो आणि आचारी झालो. दुसरं येत काय होतं? लग्न, बारसं, नरसिंहाच्या देवळात नवस फेडायचं जेवण, तेरवी. वरण-भात, पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. फौजी माणसाचं टायमाचं काम म्हणून परभणीपर्यंतची गिऱ्हाइकं येतात. एक पार्टी तर अशी भेटली की, “मेजर, पोरीच्या लग्नात तुमी तो डरेस घालून, मेडल लावून वाढा, फोटो झकास येत्याल.” मी म्हणलं, त्या ड्रेसवर बुंदीचा पाक सांडला तर तुम्ही धुणार का? काम हातचं गेलं. जाऊ दे. बाकी एक नेम मी फौजेतला राखलाय. माझी जुनी थाळी भांड्यांच्या पेटीत असते. सगळ्या पंगती उठल्या की तिच्यात जेवतो. लांगरी शेवटी जेवतो.

बालाजीच्या गावच्या सरपंचांच्या पोरीचं लग्न निघालं. स्वयंपाक माझ्याकडं. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला तेही गाव मला बोलावून खुर्ची द्यायचं. तोवर बालाजीबद्दल कानावर येत होतंच. कुणी म्हणायचं पळून आलाय, कुणी म्हणायचं पेन्शनीसाठी सोंग घेतलंय. “लढाई न्हाई, गोळी न्हाई, अन् म्हणं डोक्यावर परिणाम!” पंगतीला बसला की लोक म्हणायचे, “आलं दोन ताटाचं!” शेतात मात्र तो बैलासारखा राबायचा, हे कुणी सांगत नव्हतं.

तर लग्नात दुसरी पंगत बसली आणि बालाजी आला. स्वच्छ कपडे, दाढी केलेली, काखेत पिशवी. बसला, आपली थाळी पुढं ठेवली, रतनची शेजारी. नवरदेवाकडचा एक पाहुणा तिथं बसायला आला. बालाजी हात आडवा करून म्हणाला, “इथं माणूस हाय.”

पाहुण्यानं रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि हसला. मग शेजारचे हसले. मग एकानं पायानं थाळी सरकवली.

बालाजी उठला नाही, ओरडला नाही. थाळी परत जाग्यावर ठेवली. ती पुन्हा सरकवली. त्यानं पुन्हा ठेवली. तेवढ्यात सरपंच ओरडले, “अरे ह्या येड्याला कोण बोलवलं? मामा, न्या बरं तुमचं पोरगं!” मी चुलीपासून पळी हातात घेऊनच पळालो, पण माझ्या आधी गंगाधरमामा पोचले होते. त्यांनी सगळ्या पंगतीदेखत पोराला दंडाला धरून उठवलं आणि ओढत बाहेर नेलं. बालाजी दोन्ही थाळ्या छातीशी धरून त्यांच्यामागं चालत गेला. मी सरपंचांना म्हणलं, “पंधरा ऑगस्टला मला खुर्ची देता, मंग ह्याला चटई का न्हाई?” ते म्हणाले, “मेजर, तुमी सैपाकाचं बघा.”

सैपाकाचंच बघितलं. मंडपामागं, भांडी घासायच्या जागी, बालाजीला बसवलं आणि दोन्ही थाळ्या भरल्या. पुरी, भाजी, बुंदी, काही कमी केलं नाही. तो खाली मान घालून जेवायला लागला. मामा पाठ करून उभे. तसेच पाठमोरे बोलले, “तुमीच बिघडवलं त्याला. पयल्या दिशी दुसरी थाळी भरली नसती तर इसरला असता.”

“न्हाई मामा. इसरला नसता. उपाशी राहिला असता.”

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग विचारलं, “कसा होता त्यो रतन?”

इतक्या वर्षांत त्या गावात हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. मी सांगितलं. उंच होता, हसरा होता, तिखट खायचा नाही, घरी म्हातारी आजी होती, तिच्यासाठी लोकरीची टोपी घेऊन ठेवली होती. मामा वळले आणि भरलेल्या थाळीतल्या भाजीकडं बघत राहिले. “वांग्याची भाजी तिकाट हाय का?” त्यांनी विचारलं. मी म्हणलं, हाय. तेव्हा ते वाकले, रतनच्या थाळीतली भाजी काढून बाजूला ठेवली आणि तिथं बुंदी वाढली. बालाजीनं मान वर करून बापाकडं बघितलं. मला तिथं उभं राहवेना, मी चुलीकडं गेलो.

त्यानंतर मानवतला बाजाराला गेलो की त्यांच्या घरी डोकावायचो. मामा रोज दोन थाळ्या वाढायचे. शेजारच्या थाळीत तिखट घालायचे नाहीत. गावानं मग मामांनाही येड्यात काढलं. “म्हातारा बी गेला कामातनं!” मामा ऐकून घ्यायचे. एकदा मला म्हणाले, “मेजर, लोकांना दावण्यासारखं कायच न्हाई बगा माझ्यापाशी. जाऊ द्या, न्हाई दावायचं.”

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. छातीत कळ आली आणि शेतातच आडवे झाले. मी त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात लग्नाच्या कामावर होतो, मातीला पोचलो नाही. तेरवीचा स्वयंपाक मात्र मीच केला, आणि कुणी काही देऊ केलं असतं तरी घेतलं नसतं.

सगळं गाव जेवायला. पत्रावळ्या मांडल्या, वाढपी फिरायला लागले. बालाजी, डोकं भादरलेलं, पंगतीच्या टोकाला जाऊन बसला. पिशवीतून थाळी काढली. एकच.

सरपंचांनी ते बघितलं आणि माझ्यापाशी आले. चेहऱ्यावर खरंच बरं वाटलेलं दिसत होतं, खोटं कशाला सांगू. “मेजर, बगा! एकच ताट! बाप गेल्यालं मनाला लागलं, शाना झाला पोरगा. आवंदा सव्वीस जानेवारीला तुमच्या शेजारी त्याची बी खुर्ची मांडू. माजी सैनिकच हाय शेवटी.” आजूबाजूच्या दोघा-चौघांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, देव पावला.

मी वरणाची बादली उचलून टोकाला गेलो. थाळी बालाजीच्या पुढं नव्हती. हातभर बाजूला, रिकाम्या जागेपुढं होती. काठ सरळ, मधोमध खिळ्यानं कोरलेलं ‘रतन’. वाढप्यानं तिच्यात वाढून टाकलं होतं, आणि बालाजीनं वांग्याची भाजी वेचून काढून जमिनीवर कागदावर ठेवली होती. त्याच्या स्वतःच्या पुढं काहीच नव्हतं.

“बालाजी, तुझी थाळी?”

“आबाला दिली.”

“दिली मंजे?”

“सरणावर ठिवली, संग. तिकडं ते कशात जेवत्याल, उस्ताद?”

मी बादली खाली ठेवली. “अन् तू ह्या दिवसांत कशात जेवलास?” विचारलं. त्यानं रतनची थाळी जरा सरळ केली. त्याचे गाल किती बसलेत ते मला तेव्हा दिसलं. थाळी बघून माणूस ओळखतो म्हणून मी मघाशी मिरवलं ना, पण सकाळपासून हे पोरगं माझ्या डोळ्यांपुढून पाणी भरत होतं आणि मला पत्ता नव्हता.

पत्रावळ आणली. तो म्हणाला, “पत्रावळीत न्हाई जेवत मी. थाळी आपली असती.” बरोबर होतं त्याचं, फौजेत तसंच असतं. मग भांड्यांच्या पेटीतून माझी थाळी आणली, वाढली, त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती ओळखली.

“ही तुमची हाय. मंग तुमी?”

“मी जेवलोय.”

“लांगरी शेवटी जेवतो, उस्ताद,” तो म्हणाला. “अजून पंगत उठली न्हाई.”

बसलो त्याच्यासमोर मांडी घालून. त्यानं थाळी दोघांच्या मधोमध सरकवली आणि पहिला घास माझ्याकडं केला. मी खाल्ला, मग त्यानं खाल्ला. भुकेला होता. पंगतीत कुजबूज सुरू झाली. सरपंच लांबून ओरडले, “अवो मेजर, त्याच्या ताटात काय बसलाव? आताशी कुठं शाना झालाय, पुन्यांदा लाड नका करू!” कुणीतरी हसलं. मी मान वर केली नाही.

आम्ही जेवलो. पंगत उठली, पत्रावळ्या गोळा झाल्या. रतनची थाळी भरलेली तशीच होती. बालाजी ती उचलून पक्ष्यांना घालायला बाहेर गेला आणि मी वाकून माझी थाळी घासायला घेतली. घासून, पुसून त्याच्या पिशवीत ठेवली.